तांबट आळीतली फटफटी

माझं नाव लंका. हे नाव ठेवणाऱ्या आत्याला मी अजून माफ केलेलं नाही. लग्न होऊन नाशकात आले तेव्हापासून मी जरा तापले की आमचे मालक गंभीर चेहरा करून विचारतात, आज मारुतीराया कुठून आले म्हणून. मालकांचं नाव मी घेत नाही. आळीतले लोक त्यांना गोरक्ष म्हणतात. हे आळीनं घेतलं, मी नाही.

मराठी चौथीपर्यंतची शाळा आणि नाकाच्या शेंड्यावरचा राग, या दोन्ही गोष्टी मी माहेराहून आणल्या. शाळेचा उपयोग आज हे लिहिताना होतो आहे. रागाचा उपयोग एकदाच झाला, तो सन चौतीस साली, एका फटफटीपायी.

आधी मामंजींबद्दल सांगते. माझे सासरे धोंडीराम तांबट यांनी पन्नास वर्षं तांब्यावर हातोडा मारला आणि त्यात त्यांचे कान गेले. आमच्या तांबट आळीत याचं कुणाला नवल वाटत नाही. इथं म्हातारपण आधी कानात येतं. नवल माझ्या पंचाईतीचं होतं. सासऱ्यापुढं सुनेनं आवाज चढवायचा नाही ही आमच्या घरची रीत, आणि आवाज चढवल्याशिवाय सासऱ्यांना ऐकू येत नाही. मग करायचं काय? लग्नाला बारा वर्षं झाली तरी मी मामंजींशी चार वाक्यं धड बोलले नव्हते. पान वाढलं की ताट वाजवायचं, कुणी भेटायला आलं की पदर सावरून दाराकडे बोट दाखवायचं. बाकीचं सगळं मालक त्यांच्या कानाशी ओरडून सांगत.

चौतीसच्या दोन वर्षं आधी वणीच्या एका घरी लग्न होतं. त्यांनी मामंजींच्या हातचा पाण्याचा मोठा हंडा नेला होता. ऐन पंगतीत त्या हंड्याच्या बुडाचा जोड गळायला लागला. चार दिवसांनी ती माणसं बैलगाडीतून हंडा घेऊन आली. भांडली असती तर बरं झालं असतं. त्यांनी तो ओट्यावर ठेवला, मामंजींना हात जोडले आणि निघून गेली. मामंजींनी हंड्यात पाणी भरलं आणि त्याच्यासमोर बसून एकेक थेंब पडताना पाहिला. संध्याकाळी हातोडा फळीवर ठेवला आणि म्हणाले, "हात गेला."

तेव्हापासून ते ओट्यावर बसून असत. सकाळी आळीत ठाकठोक सुरू झाली की ओट्याच्या दगडावर तळहात टेकत. कानाला न कळणारे ठोके त्यांना हाताला कळत. जेवण चिमणीएवढं. बोलणं त्याहून कमी. दसऱ्याला मालकांनी सगळी हत्यारं पूजेला मांडली, तर यांनी आपला हातोडा उचलून परत फळीवर ठेवला. कामाचा गाडा मालक एकटे ओढत होते, त्याचं मला काही वाटत नव्हतं. पण धडधाकट माणूस असा रोज थोडा थोडा विझताना बघवत नव्हता. मला मामंजींची माया होती, आणि ती सांगायची सोय नव्हती.

अशात श्रावणात एक दिवस इनायतभाई दारात टांगा घेऊन उभे राहिले. इनायतभाई त्र्यंबकच्या मोटारीवर ड्रायव्हर, आणि मालकांचे तालमीपासूनचे दोस्त. टांग्यात दोन चाकं, एक लोखंडी सांगाडा, दोन पोती आणि बिस्किटांचे तीन पत्र्याचे डबे. देवळाली कँपातला कुणी साहेब विलायतेला परत गेला, त्याची ही फटफटी. इंजिन बिघडलं म्हणून साहेबाच्या नोकरानं ती उघडली, ती त्याला पुन्हा मिटता आली नाही, आणि तीन वर्षं ती तबेल्यात तशीच पडून राहिली. इनायतभाईंना ती मिळाली तेव्हा निम्मी फटफटी होती आणि निम्मी पोत्यात होती.

त्यांचा बेत असा, की मुंबईची वर्तमानपत्रं सकाळच्या गाडीनं नाशिक रोडला उतरतात, ती त्याच दिवशी ओझरला आणि वणीला पोचवायची. तिकडच्या लोकांना कालचं वर्तमानपत्र आज वाचायची सवय होती. एजंटानं दिवाळीपासून काम द्यायचं कबूल केलं होतं, फक्त फटफटी चालली पाहिजे. इनायतभाईंच्या घरी अंगण नाही, आमच्याकडे आहे. मला कुणी विचारलं नाही. दुपारी मी धुणं वाळत घालायला गेले तर तुळशीपासून दोरीपर्यंत फटफटीच फटफटी.

तेवढं मी सोसलं. पण माझ्या पितळी परातीत रॉकेल ओतून त्यात नटबोल्ट भिजत घातलेले पाहिले तेव्हा मात्र माझा तोल सुटला. मी इतकं बोलले की इनायतभाई टोपी काढून हातात घेऊन उभे राहिले. मालकांनी मारुतीरायाची चौकशी केली, त्याचंही उत्तर त्यांना मिळालं. दुसऱ्या दिवशी इनायतभाईंच्या घरून आबिदाभाभींनी नवी परात पाठवली, सोबत शीरखुर्मा. शीरखुर्मा इतका छान होता की पुढं मला रागावताना अडचण व्हायला लागली.

इंजिनाचा दट्ट्या गंजून नळकांड्यात घट्ट बसला होता. वरून रॉकेल सोडायचं आणि वाट पाहायची, असं आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी मालकांनी लाकडी मोगरीनं एक बेताचा ठोका मारला आणि दट्ट्या हलला. दोघं तालमीतले गडी एकमेकांना मिठ्या मारायला लागले. मग वाल्व घासून झाले. मॅग्नेटो नावाचा एक जड डबा असतो, त्यातून ठिणगी निघते म्हणे. त्याला ओल लागली होती, म्हणून तो पंधरा दिवस माझ्या चुलीशेजारी वाळत पडला. मी त्याला वळसा घालून भाकऱ्या थापल्या. पेट्रोलची नळी सडली होती, तर मालकांनी तांब्याची नवी केली. नळी वाकवताना चेपू नये म्हणून आधी तिच्यात बारीक वाळू ठासून भरली, हे मी पहिल्यांदा पाहिलं. इंजिनाच्या बुचांखाली बसायच्या तांब्याच्या चकत्या त्यांनीच कापल्या, भट्टीत लाल केल्या आणि पाण्यात बुचकळून मऊ केल्या. विलायती इंजिनाला आमच्या आळीचं तांबं लागलं याचा त्यांना भारी अभिमान.

राहिली टाकी. ती पत्र्याची, एका बाजूनं चेपलेली, आणि दोन ठिकाणी जोड उसवलेला. तिचं काय करावं याचा विचार करत इनायतभाई ती मांडीवर घेऊन ओट्यावर मामंजींच्या शेजारी बसले होते. मामंजींनी न बोलता टाकी आपल्याकडे ओढली. एक तळहात तिच्यावर पसरला आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं टिचकी मारली. थोडं सरकून पुन्हा मारली. असं सगळीकडून झालं.

"आतून गंज धरलाय," ते म्हणाले. "पण पत्रा जातिवंत आहे."

आणि उठले. आत जाऊन फळीवरचा हातोडा काढला, त्यावरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली आणि टाकी घेऊन भट्टीपाशी बसले. मालक माझ्याकडे बघत राहिले. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळ्यांना पदर लावला आणि त्या दिवशी न विचारता शिरा केला.

आठ दिवस त्यांनी त्या टाकीला कुणाला हात लावू दिला नाही. राखेच्या गरम पाण्यानं ती कितीदा धुतली याला गणती नाही. चेपलेला भाग आतून हुकानं उचलला, जोडांना नवसागर लावून कथिलाचे डाग दिले, आणि आतून देवाच्या तांब्यासारखी कल्हई केली. पितळी झाकण इतकं घासलं की त्यात कुंकू लावता आलं असतं. झाकणाखाली चामड्याची नवी चकती बसवली. मग टाकीत पाणी भरलं, झाकण फिरवून बंद केलं आणि टाकी उलटी करून कोरड्या राखेवर टांगली. पहिल्या दिवशी राखेत एक टिपका पडला. मामंजींनी टाकी खाली घेतली, भट्टीपाशी नेली, काहीतरी केलं आणि पुन्हा टांगली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत राख कोरडी राहिली. त्यांनी मला बोलावून ती दाखवली, आणि त्या रात्री तीन भाकऱ्या खाल्ल्या.

दसऱ्याला त्यांनी स्वतः आपला हातोडा पूजेत मांडला. शेजारी फटफटी, झेंडूची माळ घातलेली. पूजा झाली, इनायतभाईंनी बिस्मिल्ला म्हणून लाथ मारली, दुसरी मारली, आणि तिसऱ्या लाथेला फटफटी अशी काही धडाडली की ओट्यावरची बायकामाणसं घरात पळाली. मामंजी दचकले. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं, कारण त्यांना ते ऐकू आलं होतं. कानानं ऐकलेला आवाज, बऱ्याच वर्षांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मालकांच्या शेजारी बसले आणि एक पातेलं करायला घेतलं.

गोष्ट इथं संपली असती तर मला लिहायचं कारण नव्हतं.

दोघं मित्र फटफटीवर बसून ऐटीत पूल ओलांडून गेले आणि दोन तासांनी ती ढकलत परत आले. पंचवटी मागं टाकून आग्रा रोडला मैल-दीड मैल गेल्यावर ती खोकली आणि बंद पडली. इनायतभाईंनी झाकण उघडून पेट्रोल पाहिलं, ते होतं. झाकण लावून प्लग काढला, पुसला, बसवला, आणि ती पहिल्या लाथेत चालू झाली. म्हणजे प्लग खराब. पण आणखी मैलभरानं पुन्हा बंद. पुन्हा पेट्रोल पाहिलं, होतं. या वेळी मॅग्नेटोला फुंकर मारली, आणि ती चालू झाली. म्हणजे मॅग्नेटो. तिसऱ्यांदा पेट्रोल पाहून झाल्यावर मालकांनी वैतागून तिला नुसत्या शिव्या दिल्या, तरी ती चालू झाली, म्हणजे दोघांना काहीच कळेनासं झालं, आणि चौथ्यांदा बंद पडल्यावर त्यांनी लाथ न मारता ती ढकलतच आणली.

पुढचे पंधरा दिवस असेच गेले. कार्बुरेटर दहा वेळा उघडला. वाल्व पुन्हा घासले. शेजारच्या साळूबाईंनी लिंबू-मिरची बांधली, तर ती पुढच्या खेपेला दोन मैल गेली, म्हणून साळूबाईंनी दुसरं लिंबू बांधलं. इनायतभाई म्हणाले, कमी पेट्रोलमुळे असेल, टाकी काठोकाठ भरू. काठोकाठ भरली तर ती आणखी लवकर बंद पडली. आडगावच्या अलीकडे एका शेतकऱ्याला त्या दोघांची इतकी सवय झाली होती, की तो बांधावरूनच विचारायचा, "आज नाय का चालली?"

मला मात्र हसू येत नव्हतं. दिवाळी जवळ आली होती आणि इनायतभाईंचा चेहरा उतरत चालला होता, हे होतंच. पण माझा जीव दुसरीकडे टांगलेला होता. फटफटी ढकलत आली की मामंजी हातातलं काम टाकून उठत, टाकीवरून खालपासून वरपर्यंत बोटं फिरवत, बोटं नाकाशी नेऊन पेट्रोलचा वास येतो का पाहत, आणि मालकांना विचारत, "टाकी गळत नाही ना?"

मालक त्यांच्या कानाशी ओरडत, "टाकी झकास आहे, बाबा. इंजिनात खोट आहे."

मग ते सुटकेचा श्वास सोडून पुन्हा कामाला बसत. मी रोज देवापुढं दिवा लावताना म्हणायची, खोट कुठंही निघू दे, इंजिनात निघू दे, चाकात निघू दे, साहेबाच्या नशिबात निघू दे, पण टाकीत नको. टाकीत खोट निघाली तर हातोडा परत फळीवर जाईल, आणि या वेळी तो खाली यायचा नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी लाडू वळत होते, तर साळूबाईंनी हाक मारली. त्यांच्याकडे फराळासाठी गोडेतेलाचा डबा आणला होता, सीलबंद. साळूबाईंनी कोपऱ्यात खिळ्यानं एक भोक पाडलं होतं आणि डबा वाकवून घाम गाळत होत्या. तेल भुळकन थोडं येई आणि थांबे.

"डब्यात तेल लय हाय, पन बाहेर येईना," त्या म्हणाल्या. "भेसळ असंल का गं?"

मला हसू आलं. म्हटलं, साळूबाई, एवढी वर्षं संसार केलात, अहो, दुसरं भोक पाडल्याशिवाय तेल कसं येईल? आत वारा शिरला तरच तेल बाहेर येणार. मी खिळा घेतला, समोरच्या कोपऱ्यात ठोकला, आणि तेलाची धार लागली. साळूबाई बोलत होत्या, पण मला त्यांचं बोलणं ऐकू येईना. खिळा हातात तसाच धरून मी अंगणात आले.

फटफटीच्या टाकीचं झाकण मी फिरवून काढलं. वरून ते आरशासारखं होतं. उलटं करून उन्हात धरलं तेव्हा दिसलं: मधोमध तिळाएवढा कथिलाचा ठिपका. तिथं विलायती कारखान्यानं वारा आत जायला मुद्दाम ठेवलेलं बारीक भोक असणार. टाकी उलटी टांगली तेव्हा राखेत पडलेला टिपका तिथूनच पडला, आणि मामंजींनी ते बुजवलं. तांबटाच्या पोरानं भांड्यात भोक पाहिलं की ते बुजवायचंच, त्याला दुसरं काही सुचूच शकत नाही. इनायतभाईंनी ही गाडी पोत्यातच पहिल्यांदा पाहिलेली. झाकणावर तेव्हा चिखलाचं पुट होतं, त्यांना काय कळणार. आणि गाडी बंद पडली की दर वेळी हे दोघं आधी झाकण उघडून पेट्रोल बघायचे, तेवढ्यात आत वारा शिरायचा, आणि पुढं प्लग पुसा नाहीतर शिव्या द्या, ती चालू व्हायची.

मी मालकांना आत बोलावून सांगितलं. ते आधी मांडीवर थाप मारून हसले. मग त्यांना माझा चेहरा दिसला, आणि त्यांचं हसू गेलं.

आम्ही दोघांनी ठरवलं ते खोटंच होतं, हे मी कबूल करते. भोक गुपचूप मोकळं करायचं आणि मामंजींना सांगायचं की मॅग्नेटोत बिघाड होता. मी खिळ्यानं तो ठिपका फोडला. दुपारी इनायतभाई आले, त्यांना समजावलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मग एकटेच निघाले, आणि अडीच तासांनी ओझरचे पेरू घेऊन परत आले. चोवीस मैल, आणि कुठंही थांबणं नाही. आडगावचा शेतकरी म्हणे बांधावर उभा राहून नुसता बघतच राहिला.

सगळी आळी गोळा झाली. मालकांनी मामंजींच्या कानाशी ओरडून सांगितलं, "बाबा, मॅग्नेटो दुरुस्त केला. ओझरला जाऊन आली."

मामंजी इतके खूश झाले की त्यांनी इनायतभाईंच्या पाठीवर थाप मारली. आणि मग नेहमीसारखी त्यांची बोटं टाकीवरून फिरायला लागली. जोडांवरून, कडेवरून, वर झाकणावर. तिथं बोट थांबलं. त्यांनी झाकण काढलं, आकाशाकडे धरलं, आणि त्यातून उजेडाचा एक ठिपका त्यांच्या गालावर पडला.

"हे भोक कुणी पाडलं?" ते म्हणाले. "इथून गळत होतं. मी बुजवलं होतं."

तालमीत चार जणांना लोळवणारे माझे मालक काहीतरी पुटपुटले, ते मलाही ऐकू आलं नाही. इनायतभाई रुमाल काढून हँडल पुसायला लागले. मामंजींनी एकाच्या तोंडाकडे पाहिलं, मग दुसऱ्याच्या. म्हातारा माणूस, पण बुद्धी शाबूत. त्यांनी झाकण पाहिलं, पेरूंची टोपली पाहिली, आणि त्यांना कळलं.

"म्हणजे मॅग्नेटो नव्हे," ते हळू म्हणाले. "माझ्या हातानं अडली होती ती."

मामंजींनी झाकण ओट्यावर ठेवलं, भट्टीपाशी जाऊन हातोडा उचलला आणि फळीकडे वळले. त्यांची पाठ मला दिसली, आणि माझ्या डोक्यात जाळ झाला. दोन वर्षांचा, बारा वर्षांचा, सगळा राग एकदम वर आला. पदर कुठं गेला मला ठाऊक नाही.

"मामंजी," मी ओरडले, "हवा जायला ठेवलेलं भोक होतं ते! ते तुम्ही असं बुजवलंत की पंधरा दिवस त्यातून हवासुद्धा आत गेली नाही. विलायती इंजिन गुदमरून मेलं, पण तुमचा डाग हलला नाही. आणि तुम्ही म्हणता हात गेला!"

आळीतली ठाकठोक एकामागून एक थांबत गेली. समोरचे लहानू तांबट हातात सांडशी धरून दारात आले. सुनेनं सासऱ्याला आवाज दिलेला आमच्या आळीनं कधी ऐकला नव्हता, आणि मी तर गोदेपलीकडे जाईल असा दिला होता. मालकांनी मारुतीरायाचं नाव काढलं नाही.

मामंजी पाठमोरे उभे होते. मग वळले. हातोडा हातातच होता.

"काय म्हणालीस?"

मी पुन्हा सांगितलं, तेवढ्याच मोठ्यानं. तुमच्या डागातून हवा जात नाही.

त्यांनी मान हलवली. परत आले, ओट्यावरचं झाकण उचललं, भोकावरून अंगठा फिरवला आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "पाडलंय मात्र वाकडं. खिळ्यानं पाडलंत की काय?" मी मान खाली घातली. त्यांनी झाकण कनवटीला खोचलं, म्हणजे ते आता नीट करणार होते. मग लहानू तांबटांकडे पाहिलं, त्यांच्यामागं जमलेल्या सगळ्या आळीकडे पाहिलं, आणि उजवा कान माझ्याकडे वळवला.

"सूनबाई, अजून एकदा सांग. मला नीट ऐकू नाही आलं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठ हसू दाबत होते. ऐकू आलं नाही म्हणे. गोदावरीच्या पलीकडे ऐकू गेलं असेल. मी तिसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. जे निघालं ते इतकं बारीक होतं, की शेजारी उभ्या असलेल्या मालकांनाही कळलं नसेल.

"आलं ऐकू," मामंजी म्हणाले.